किमोचे एकवीस दिवस आणि घरातली पुडी

विदर्भातल्या खेड्यातली बाई स्तनाच्या कॅन्सरचं निदान घेऊन नागपूरहून किंवा सेवाग्रामहून घरी परतते, तेव्हा उपाय तिच्या आधीच पोचलेले असतात. जाऊबाईने बांधावरच्या कडुनिंबावरची गुळवेल तोडून ठेवलेली असते. चुलत सासऱ्याने आठवडी बाजारातल्या वैदूकडून पुडी आणलेली असते. भावाच्या मोबाइलवर लक्ष्मणफळाच्या पानांचा व्हिडिओ आलेला असतो. आणि शेजारीण हळूच सांगते, ‘डॉक्टरले सांगू नोको माय, ते रागावते.’

या सगळ्यांत सर्वांत घातक गोष्ट शेजारणीचा सल्ला आहे. गुळवेलीचा नंबर त्यानंतरचा.

घरगुती उपायांवर सरसकट फुली मारणाऱ्या सल्ल्याचा उपयोग होत नाही. बाई मान डोलावते आणि घरी जाऊन काढा पितेच, फक्त लपून पिते. ‘आयुर्वेदाचे साइड इफेक्ट नसतात’ हे वाक्य तितकंच निरुपयोगी. खरा प्रश्न असा, की ती वस्तू पोटात जाते का नुसती अंगाला लागते, आणि उपचाराच्या कोणत्या दिवशी घेतली जाते. तीच सुंठ किमोच्या दिवशी मदत करते. तोच कच्चा रस दहाव्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायला लावू शकतो. म्हणून किमोच्या तारखांचा कागद भिंतीवर लावा आणि प्रत्येक उपाय त्याच्या शेजारी धरून पाहा.

तारखा सुरू होण्याआधी

नुकसानाची सुरुवात बहुतेक वेळा इथे होते. गाठ हाताला लागते, पण दुखत नाही. दुखत नाही म्हणजे साधी, असं घरात ठरतं. खरं तर स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखणारी, लाल, गरम गाठ बहुधा गळवाची असते, आणि जवसाचं पोटीस बांधून पिकते ती तीच. पोटिसाच्या उबेने रक्तपुरवठा वाढतो, आत पू असेल तर तो वर येतो. कॅन्सरच्या गाठीत पू नसतोच, पेशी असतात. तिला पिकवायला काही नाही. महिनाभर पोटीस बांधून गाठ तशीच राहते, आणि तेवढ्यात ती काखेत उतरू शकते.

पोटिसापेक्षा वाईट म्हणजे जाळणारा लेप. आपल्याकडच्या जंगलात बिब्बा भरपूर, आणि ‘बिब्ब्याने गाठ जळून जाते’ असं सांगणारेही भरपूर. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, काळी खपली धरते. ती खपली निघाली की गाठ निघाली असं वाटतं. प्रत्यक्षात वरची कातडी गेलेली असते आणि खालची गाठ जागेवर असते, आता उघड्या जखमेसकट. सर्जनला टाके घालायला धड कातडी लागते. ती भाजलेली, पू धरलेली असली तर आधी जखम सुकवा, मग ऑपरेशन, यात आठवडे जातात. आयुर्वेदानेही बिब्ब्याला साधं औषध मानलेलं नाही. औषध कायद्याच्या ई-१ परिशिष्टात विषारी द्रव्यांची यादी आहे, तीत भल्लातक, म्हणजे हाच बिब्बा, नावानिशी आहे. तशा द्रव्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं छापावं लागतं. बाजारात सतरंजी टाकून बसलेल्याच्या डबीवर काय छापलेलं असतं, ते सांगायला नको.

दुसरी अडचण सुईची. ‘सुई टोचली का गाठ भडकते’ हे वाक्य मेळघाटापासून सिरोंचापर्यंत ऐकू येतं. स्तनाच्या गाठीतून सुईने तुकडा काढल्याने आजार वाढत नाही. मात्र त्या तुकड्याशिवाय ईआर, पीआर आणि हर-टू (गाठ कोणत्या हार्मोनवर किंवा प्रथिनावर वाढते, ते सांगणाऱ्या खुणा) कळत नाहीत, आणि ते कळल्याशिवाय कोणतं औषध द्यायचं हेच ठरत नाही. तपासणीनंतर गाठ मोठी झालेली दिसते, कारण एक तर सुईच्या जागी थोडं रक्त साकळून सूज येते, किंवा भीतीने मधले तीन महिने वाया गेलेले असतात.

उपचारांच्या ‘ऐवजी’ घेतलेल्या उपायांचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला आहे. तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीचे उपचार टाळून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून अधिक निघाला. त्याच वर्षी त्याच संशोधकांनी दुसरा गट पाहिला, उपचारही घेणारे आणि सोबत पूरक उपायही करणारे. त्यांच्यातही धोका दुप्पट होता. कारण बघितलं तर कळीचं आहे: या गटातल्या बऱ्याच जणांनी उपचारातला एखादा भाग नाकारला होता. साधारण तिघांतल्या एकाने किमो नाकारली, निम्म्याहून अधिकांनी रेडिएशन. पुडी सुरू असते म्हणून ‘आता शेक कशाला’ असं वाटायला लागतं, तिथे घात होतो.

पहिले पाच दिवस

स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळ बायकांना आधी लाल औषधाच्या (डॉक्सोरुबिसिन) चार किमो मिळतात, दर एकवीस दिवसांनी एक, आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल, बरेचदा आठवड्याला एक अशा बारा. प्रत्येकीचा तक्ता वेगळा असू शकतो. आपला कोणता, ते फाईलवर लिहून घ्या.

लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग आहे. त्याला उन्हाळी लागली समजून धण्याचं पाणी दिलं तर नुकसान नाही, पाणी पोटात जातं हे बरंच. पण दोन दिवसांनंतरही लाली राहिली आणि जळजळ असली तर लगेच कळवा, कारण सोबतच्या सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाच्या आतून रक्त येऊ शकतं.

मळमळीवर सुंठेला पुरावा आहे. २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत, किमोच्या तीन दिवस आधीपासून सहा दिवस, दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आलं दिल्यावर पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. चाचणीतल्या सगळ्यांना उलटीची नेहमीची औषधंही दिलेली होती, हे विसरायचं नाही. अर्धा ग्रॅम म्हणजे सुंठ पुडीचा जेमतेम पाव चहाचा चमचा. तो कोमट पाण्यातून, गुळाच्या खड्याबरोबर किंवा ताकातून सकाळी एकदा आणि हवं तर संध्याकाळी एकदा. चमचाभर सुंठेने मळमळ जास्त कमी होत नाही, छातीत मात्र जळजळ होते, आणि किमोसोबत दिलेल्या डेक्साने (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने) पित्त आधीच वाढलेलं असतं. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर सुंठ डॉक्टरांना विचारूनच.

मनगटावरच्या दाबाचाही उपयोग होतो, आणि त्याला दमडी लागत नाही. तळहाताच्या बाजूने मनगटाच्या रेषेपासून स्वतःची तीन बोटं कोपराकडे मोजा. तिथे मधोमध दोन शिरा ताणलेल्या लागतात. त्यांच्या मधल्या खोलगट जागी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा, सोसवेल इतकंच. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर पट्टा बांधू नका, दुसरा हात वापरा.

उलटीच्या गोळीने संडास कडक होते. इसबगोल चालतं, पण पूर्ण पेलाभर पाण्यातच, आणि वरून आणखी पाणी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. बाईने उलटीच्या भीतीने पाणी तोडलेलं असतं, आणि अशात घोटभर पाण्यातून घेतलेलं इसबगोल आतड्यात गोळा होऊन बसतं. बाकी गोळ्या त्याच्या तासभर आधी किंवा दोन तास नंतर घ्या, नाहीतर इसबगोल त्यांना धरून ठेवतं.

सातवा ते चौदावा

हा आठवडा सगळ्यात नाजूक. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. बाईला मात्र उलटी थांबल्यामुळे बरं वाटायला लागलेलं असतं. नेमका याच वेळी ‘ताकद यायला’ म्हणून कच्च्या वस्तूंचा मारा सुरू होतो: गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, भिजवलेली कडधान्यं, गोमूत्र, कच्च्या दुधाचं पंचामृत. मातीत उगवलेल्या गव्हांकुराला कितीही धुतलं तरी जंतू राहतात, आणि निरोगी माणसाचं पोट ते पचवतं तसं आता पचवू शकत नाही. त्यापेक्षा ज्वारीच्या कण्या, मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, उकडलेलं अंडं, तापवलेल्या दुधाचं घरचं ताजं दही. विहिरीचं पाणी खळखळून उकळी येऊ द्या, मिनिटभर तसंच राहू द्या, झाकून गार करा. रसवंतीतला बर्फ घातलेला उसाचा रस या आठवड्यात नाही.

पपईच्या पानाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्यातून एक मोठा गोंधळ कळतो. डेंग्यूत या रसाने प्लेटलेट वाढतात का, यावर अभ्यास झाले. किमोने उतरलेल्या प्लेटलेटवर तो चालतो, असं सिद्ध झालेलं नाही. तरी गावोगावी ‘रसाने काउंट वाढला’ असं छातीठोक सांगणाऱ्या बायका भेटतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. बाराव्या दिवशी रिपोर्ट कमी येतो, तेराव्याला रस सुरू होतो, विसाव्याला रिपोर्ट चांगला येतो. पण हाडातला मगज औषधाच्या धक्क्यातून सावरून पेशी बनवू लागतो तो याच दिवसांत. पुढची किमो एकविसाव्या दिवशी ठेवतात ती त्यासाठीच. तेराव्या दिवशी सुरू केलेला कोणताही उपाय, अगदी अंगाराही, विसाव्या दिवशी यशस्वी ठरतो.

या आठवड्यात घरात काढ्यापेक्षा थर्मामीटर हवा. तोंडात जिभेखाली धरून १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, एकदा जरी दिसलं तरी त्याच रात्री दवाखाना. काखेत ताप कमी दाखवतो. पॅरासिटामॉल देऊन, तुळशीचा काढा पाजून सकाळची वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो, कारण पांढऱ्या पेशी नसताना जंतू तासांच्या हिशेबाने वाढतात. गोळीने ताप उतरतो, जंतू तिथेच असतात. भामरागड किंवा धारणीच्या बाजूला राहणाऱ्यांनी गाडीवाल्याचा नंबर आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याचं नाव आधीच लिहून ठेवावं. १०८ आहेच.

तोंड आलं तर पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूट-दोन चिमूट मीठ, कपभर कोमट पाण्यात. दर तीन तासांनी खळखळून थुंकायचं, मग साध्या पाण्याने चूळ. तुरटी नको, ती कातडी आक्रसते आणि आग होते. खर्रा, मिश्री, नस या दिवसांत तरी सोडाच. तंबाखूतला चुना फोडांवर काय करतो, ते खाणारीला माहीतच असतं.

उपास करायचा असेल तर तो पंधराव्या दिवसानंतर बसवा. संकष्टीला भगर, राजगिरा, दूध, शेंगदाण्याची आमटी घेऊन उपास केला तर कुठलाच डॉक्टर भांडणार नाही. हरतालिकेचा निर्जळा मात्र या वर्षी जाऊबाईकडे द्या. व्रत दुसरीने चालवायची रीत आपल्याकडे आहेच.

लिव्हर: इथे किमो अडते

गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल आणि ‘रक्तशुद्धी’च्या पुड्या यांच्या मागे एकच धागा आहे, लिव्हर. लाल औषध आणि पॅक्लिटॅक्सेल दोन्ही लिव्हरमधून बाहेर टाकली जातात. बिलीरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते द्रव्य) वाढलेलं असलं की औषध अंगात जास्त वेळ राहतं, म्हणून डॉक्टर डोस कमी करतात नाहीतर तारीख पुढे ढकलतात. म्हणजे काढ्याने कॅन्सरवर काही केलं नाही तरी किमो अडवली.

गुळवेलीचा प्रश्न कोविडच्या काळात वर आला. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण एकत्र मांडले गेले. आयुष मंत्रालयाने गुळवेलीची बाजू घेतली, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण किमो घेणाऱ्या बाईने त्या वादाच्या निकालाची वाट का पाहावी? बांधावरून तोडलेली वेल नेमकी कोणती, हे ओळखायची सोय घरात नसतेच. किमो संपेपर्यंत ती बंद. डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, अंगाला खाज, यांतलं काही दिसलं तर सगळ्या पुड्या थांबवून लिव्हरच्या रक्तचाचण्या, म्हणजे एसजीपीटी आणि बिलीरुबिन, तपासा.

काढ्यातलं जेष्ठमध वेगळ्या वाटेने त्रास देतं. रोज घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम आधीच कमी झालेलं असतं. त्यात उलटीची काही औषधं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, आणि लाल औषध हृदयाच्या स्नायूवर. घसा बसला म्हणून एखादी कांडी चघळली तर काही होत नाही, रोजचा काढा मात्र नको.

भस्मांबद्दल स्पष्टच सांगतो. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तपासणीत इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी पाचव्या हिश्श्याहून थोड्या अधिकांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ती तर लेबल असलेली उत्पादनं होती. आठवडी बाजारातल्या पुडीला लेबलही नसतं.

आणि एक धोक्याची खूण. पुडी सुरू केल्यावर चार दिवसांत भूक उघडली, सांधे दुखायचे थांबले, झोप लागली, महिन्याभरात चेहरा गोल झाला, तर पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. अशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं. डॉक्टरांना सांगून हळूहळू सोडवावी लागते.

होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या औषधात ढवळाढवळ करत नाहीत. त्यांच्यापायी तारीख चुकू देऊ नका, एवढंच. मदर टिंक्चर वेगळं, त्यात वनस्पतीचा अर्क आणि अल्कोहोल दोन्ही असतात.

जर्दाळूच्या कडू बिया ‘व्हिटॅमिन बी-१७’ म्हणून विकल्या जातात. त्या पोटात सायनाइड तयार करतात, आणि ते कुठलंही व्हिटॅमिन नाही. लक्ष्मणफळातल्या एका द्रव्याने मेंदूच्या पेशींना इजा होते, आणि कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर ते फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार जास्त आढळला आहे. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे; त्या कायद्याच्या परिशिष्टात कॅन्सरचं नाव आहे. तरी व्हिडिओ येतच राहतात.

शेक सुरू असताना

रेडिएशनच्या आठवड्यांत छातीवर शाईने काढलेल्या खुणा घासून काढू नका. पोचल्यावर मशीनखाली झोपायच्या आधी हळद, तूप, खोबरेल, कोरफडीचा गर, काहीही लावलेलं नको. जाड थर असला की किरणांचा मारा कातडीवर जास्त बसू शकतो. शेकाने कातडी लाल होणं कोरफडीने टळतं, असंही चाचण्यांत दिसलेलं नाही. इंग्रजी लेखांत ‘मेरिगोल्ड’चं मलम सुचवतात. ते कॅलेंडुला नावाचं वेगळं फूल आहे. आपला दसऱ्याचा झेंडू वाटून लावण्यात अर्थ नाही. सुती, सैल झंपर, आणि दवाखान्याने दिलेलं मलम त्यांनी सांगितलेल्या वेळी, बस.

तो हात

काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातला पाझर वाहून न्यायची वाट अरुंद होते, आणि हात सुजू शकतो. महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही. आपल्याकडे बाईच्या हाताला बोंडांची टोकं, बोरी-बाभळीचे काटे, निंदणातला विळा, चुलीचा चटका रोजचा. एवढ्याशा ओरखड्यातून जंतू शिरतात आणि हात रातोरात लालेलाल होतो. म्हणून कापसाच्या वेच्याला जाताना त्या हातात जाडसर हातमोजा, लांब बाही, आणि ओरखडा आला की लगेच साबणपाणी आणि मलम. लाली पसरली, हात गरम लागला, थंडी वाजली तर त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. हळद-चुन्याचा लेप लावून थांबू नका.

सुजलेल्या हाताला तेल लावून जोरात रगडणारी बाई प्रत्येक गावात असते, आणि तिच्या हाताला गुण असतो असं सगळे सांगतात. या हातापुरता तो गुण बाजूला ठेवा. सूज उतरवायची मालीश अगदी हलकी, कातडी जेमतेम सरकेल एवढीच असते. तीही आधी मानेजवळ आणि दुसऱ्या काखेकडे वाट मोकळी करून मग हातावर, बोटांकडून खांद्याकडे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मग घरची पोरगीही करू शकते. जोर लावला की नाजूक वाहिन्या दबतात आणि सूज वाढते. गरम शेकानेही वाढते. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर तिलाही मालीश करू नका; कॅन्सरमध्ये आणि टॅमोक्सिफेन या हार्मोन अडवणाऱ्या गोळीवर शिरेत रक्ताची गाठ धरण्याचा धोका वाढलेला असतो, आणि रगडल्याने ती फुप्फुसात जाऊ शकते.

शिंप्याचा टेप घरी ठेवा. ऑपरेशनआधी दोन्ही हात मनगटापाशी आणि तिथून दर दहा सेंटीमीटरवर मोजून लिहा, मग महिन्यातून एकदा. दोन्ही हातांत दोन सेंटीमीटरचा फरक पडला की दाखवा. बांगडी घट्ट होणं ही त्याआधीची खूण. तो चुडा उतरवून दुसऱ्या हातात घाला, त्यात अपशकुन नाही.

‘या हाताने आयुष्यभर वजन उचलायचं नाही’ हा जुना सल्ला मजुरी करणाऱ्या बाईला पाळता येत नाही, आणि तो पुरता खराही नाही. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेल्याने सूज वाढत नाही, असं २००९ पासूनच्या चाचण्यांत दिसलं आहे. अर्ध्या किलोच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात करा, आठवड्या-आठवड्याने थोडं वाढवा, हात जड वाटला की मागे या. पहिल्याच दिवशी डोक्यावर कापसाचं गाठोडं नको.

योगाचंही तेच. ऑपरेशननंतर पाझर काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नका. मूठ उघड-मीट, कोपर वाकवणं चालतं. मग भिंतीला तोंड करून बोटांनी वर चढायचं, रोज पेन्सिलीने खूण करायची. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी कधीही. आजार हाडांत असेल तर पुढे वाकणं आणि कंबर पिळणं टाळा, मणका मोडू शकतो. टाटा मेमोरियलने ८५० बायकांवर केलेल्या योगाच्या चाचणीची आकडेवारी २०२२ मध्ये मांडली गेली आणि ‘योगाने कॅन्सर परतत नाही’ अशा बातम्या झाल्या. पण त्या बायकांचे नेहमीचे उपचार सुरूच होते. योग त्यांच्या जोडीला होता. थकवा, झोप आणि घोर यांवर योगाचा उपयोग होतो, हे मात्र बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. सामुदायिक प्रार्थनेत आणि भजनात बसण्याने कुठल्याच औषधाशी भांडण होत नाही. नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलला तुकडोजी महाराजांचं नाव आहे, तेव्हा भजन आणि किमो एकत्र नांदायला हरकत नसावी.

टॅमोक्सिफेनची वर्षं

ईआर पॉझिटिव्ह असेल तर रोज २० मिलिग्रॅमची गोळी पाच ते दहा वर्षं. लिव्हर ती गोळी बदलून एंडॉक्सिफेन बनवतं, खरं काम ते करतं. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या अभ्यासात, दिवसाला ३६०० मिलिग्रॅम कर्क्युमिन मिऱ्यातल्या पायपरीनसोबत दिल्यावर रक्तातलं एंडॉक्सिफेन साधारण १२ टक्क्यांनी उतरलं. म्हणून हळदीच्या कॅप्सूल नकोत. भाजीतल्या हळदीची मात्र भीती नको. साध्या हळदीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के. तेवढं मिळवायला रोज १२० ग्रॅम हळद खावी लागेल. आपली समुद्रपूरकडची वायगाव हळद जास्त कसदार, ६ टक्के धरली तरी ६० ग्रॅम. वरणात पडते ती चिमूट.

सोयाबीनबद्दल सगळीकडे घबराट आहे. त्यातली द्रव्यं इस्ट्रोजेनसारखी वागतात, म्हणून आजार परततो असं सांगतात. शांघायमध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या पाच हजारांवर बायकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा सोयाचं अन्न खाणाऱ्यांत आजार परतणं कमीच दिसलं. सोयाबीनची वडी, पिठात मिसळलेलं मूठभर सोयाबीन, जवसाची चटणी, सगळं चालतं. आयसोफ्लेवोनच्या, म्हणजे सोयातल्या त्याच द्रव्यांच्या, गोळ्या आणि ‘बायकांचं टॉनिक’ म्हणून मिळणारी शतावरीची पूड वेगळी, ती नको. संत्र्याचंही विचारतात. नागपुरी संत्रं खुशाल खा. औषधांत ढवळाढवळ करतं ते ग्रेपफ्रूट, आणि त्याचाच नातलग पपनस.

पॅक्लिटॅक्सेलने तळपायाला मुंग्या येतात, त्यावर मेडिकलमधून ‘नसांची गोळी’ आणली जाते. तिच्या पाकिटावर असिटिल-एल-कार्निटिन आहे का, ते वाचून घ्या. चारशेवर बायकांच्या चाचणीत ते दिल्याने मुंग्या उलट वाढल्या. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नका, चटका कळत नाही. आधी कोपराने पाणी तपासा, आणि शेतात अनवाणी नको.

डॉक्टरांना काय दाखवायचं

ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी पोटात जाणारी प्रत्येक पुडी, काढा, कॅप्सूल बंद. लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूलने रक्त जास्त वाहू शकतं, अश्वगंधेने गुंगी वाढू शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कारण ते ‘कोणती औषधं सुरू आहेत’ एवढंच विचारतात आणि पुडीला घरात कुणी औषध म्हणत नाही.

एका साध्या वहीत पुडीचं नाव, कुणाकडून आणली, दिवसाला किती चमचे, कोणत्या तारखेपासून, किमोचा तो कितवा दिवस, हे लिहा. गावातल्या बीएएमएस डॉक्टरांना ही वही आणि रक्ताचे रिपोर्ट दाखवा. बरेचदा वैदूच्या पुडीतलं काय खरं आणि काय भेसळ, ते त्यांना वासावरून आपल्यापेक्षा बरं कळतं. वैदू घटक सांगायला तयार नसेल तर ती पुडी पोटात घालू नका. घेऊन झालीच असेल तर उरलेली चुलीत टाकू नका. चमचाभर कोरड्या बरणीत झाकून, वर तारीख लिहून ठेवा. कावीळ झाली तर दवाखान्यात जाताना ती बरणी फाईलसोबत न्या.